सुलोचनाची माती, तिसऱ्या दिवशी

सुलोचना गेल्याचा फोन लातूरला सकाळीच आला. मी नांदेडची गाडी धरली. ती माझी धाकटी जाऊ. मेलेल्या माणसाबद्दल गोड लिहितात, पण ती भांडखोर होती, आणि रेडिओवर बोलायला लागल्यापासून तिनं चुलीकडे बघायचं सोडलं होतं. हे मी तिला तोंडावर सांगितलेलं आहे, म्हणून इथे लिहायला हरकत नाही.

नांदेडच्या एका लहान रेडिओ केंद्रावर ती गाणी लावायची, बाजारभाव सांगायची, आणि रोज मातीची खबर द्यायची. कोण गेलं, कुठल्या गावचं, माती किती वाजता. मुदखेड, हदगावकडची माणसं ते ऐकून घराबाहेर पडायची. नाव सांगितलं की ती घोटभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ गप्प राहायची. मी एकदा विचारलं, "पुढचं इसरतीस का काय?"

"न्हाई हो अक्का. ऐकणाऱ्याला खाली बसायला तर येळ द्यावा."

मग केंद्राच्या मालकानं सगळा कारभार पुण्याहून चालवायला घेतला. नांदेडच्या खोलीत मशीन राहिलं आणि मशीनवर नजर ठेवायला सुलोचना. बोलते ती पुण्याची पोरगी. तीच नांदेडला, तीच आमच्या लातूरला, फक्त गावाचं नाव बदलते. भर उन्हाळ्यात म्हणते, "काय गार वारा सुटलाय, नांदेडकर!" इकडे कुत्री नालीत पसरलेली. सगळं आधीच बोलून भरून ठेवतात म्हणे. मातीची खबर सुलोचनानं फोनवर कळवायची, ती त्यांच्या सवडीनं लागायची. गप्प राहणं तर त्यांना चालेचना. नावामागे वाजंत्री घातली. मेलेल्या माणसाच्या नावामागे वाजंत्री... मला किळस आली ती आजवर गेलेली नाही.

सुलोचना फोनवर भांडायची. "मयत काय तुमच्यासाठी थांबून राहतंय का?" तिकडून उत्तर यायचं, "नोंद घेतली, मॅडम." नोकरी मात्र तिनं सोडली नाही. त्याचाही मला राग होता.

शेवटची भेट दवाखान्यात झाली. म्हणाली, "अक्का, एवढ्या लोकांच्या मातीला मी माणसं धाडली. माझ्या मातीला लोक आले पाहिजेत. खबर येळेवर लागंल एवढं बघा."

"बघते की. तू आधी मर तरी," मी म्हणाले. हसली... खोकला येईपर्यंत हसली.

ती गेली त्या सकाळी तिच्या पोरानं पुण्याला फोन केला. आज चार वाजता माती, म्हणून सांगितलं. ती पोरगी फार गोड बोलली, लगेच लावते म्हणाली. आम्ही मयताजवळ रेडिओ लावून बसलो. साबणाची जाहिरात झाली, नवराबायकोचे विनोद झाले. चार वाजता गल्लीतली माणसं तेवढी निघाली.

तिसऱ्या दिवशी राख सावडून घरी आलो. जेवणं उरकतात तोच दारात रिक्षा थांबली. हदगावची रजियाबी उतरली, हातात हार. मागच्या रिक्षातून मुदखेडच्या बायका.

"चारला हाय ना माती?" रजियाबी म्हणाली. "सकाळी रेडिओत सांगितलं."

मीच म्हणाले, "झाली. परवाच."

ती हार धरून तशीच उभी. "आमच्या घरच्या मय्यतीला हिनं नाव सांगितलं तर गल्लीत पाय ठेवायला जागा नव्हती. अन् हिच्याच..." मग म्हणाली, "लाज वाटत न्हाई का त्या लोकाला?"

आत फळीवर तिचा रेडिओ चालूच होता, वाजंत्री लागलेली. मी जाऊन तो बंद केला. दारात आले आणि सुलोचनाचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. मग गप्प राहिले. बायका एकेक करून खाली बसल्या.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून फोन आला. चूक झाली, खबर परत लावू का, म्हणून विचारत होते. मी काय बोलले ते पेपरात छापता येणार नाही.

तो रेडिओ मी लातूरला आणलाय. इथल्या मातीच्या खबरेची वेळ झाली की लावते. नाव कानावर पडलं की वाजंत्री सुरू व्हायच्या आत त्याचा कान पिळते, आणि तांब्यातलं घोटभर पाणी पिते. तेवढा वेळ ती पोरगी गप्प.