खेळातल्या स्टेशनावर पाणी कुठाय?

आमच्या मुळशीत रेल्वे नाही. तेव्हाही नव्हती, आजही नाही. धरण आहे, डोंगर आहेत, भाताची खाचरं आहेत, पण रूळ म्हणून काही नाही. त्यामुळे आमच्या आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, पन्नाशी गाठेपर्यंत आगगाडी डोळ्यांनी पाहिली नव्हती यात नवल काहीच नाही. मी पाहिली होती, कारण माझं माहेर तळेगावकडचं. नवी नवरी असताना मी ते कौतुकानं एकदा सांगितलं, दुसऱ्यांदा सांगितलं. तिसऱ्यांदा आत्याबाई म्हणाल्या, "बघितलीस तर बघितलीस. तिच्यात बसून भाकरी थापाय येती का?" तिथंच माझी आगगाडी थांबली.

सांगायची गोष्ट मात्र वन्संच्या लग्नाची आहे. मोठा दुष्काळ होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. वन्संना, माझ्या धाकट्या नणंदेला, एक स्थळ आलं. मुलगा नात्यातल्याच लांबच्या घरचा, मूळचा कोळवण खोऱ्यातला, रेल्वेत पॉइंट्समन. गाडी ह्या रुळावरून त्या रुळावर घ्यायची असली की खटका ओढायचा, हे त्याचं काम. नेमणूक दौंडच्या पुढं, सोलापूरच्या वाटेवरच्या एका लहानशा स्टेशनात. पगार सरकारी, राहायला खोली, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही. एका लग्नात तो पंगतीत वाढत होता आणि वन्संच्या पानात त्यानं बुंदी दोनदा वाढली. हे वन्संनी मला ओढ्यावर धुणं धुताना सांगितलं. सांगता सांगता एकच लुगडं इतका वेळ आपटलं की मी म्हटलं, "वन्सं, बुंदी गोड होती ते कळलं, पण लुगडं फाटंल."

घरात सगळे राजी होते. अडून बसल्या होत्या त्या एकट्या आत्याबाई. मामंजी जाऊन बरीच वर्षं झाली होती, तेव्हा आत्याबाईंच्या शब्दापुढं कुणाचा शब्द नव्हता.

आमच्याकडची रीत अशी, की मुलगी द्यायच्या आधी तिची माणसं जाऊन मुलाचं घर बघून येतात. पुरुष गेले तर शेत बघतात, बैल बघतात, छप्पर बघतात. बाई गेली तर ती ओटीवर टेकतच नाही, सरळ मागल्या दारी जाते. चूल कशी आहे, सरपण कुठं ठेवतात, न्हाणी कुठं, पाणी कुठून आणतात. आत्याबाईंनी भाच्या-पुतण्यांची कितीतरी घरं अशी बघितली होती, पण ती सगळी चालत जाण्याजोगी. येष्टीत त्यांना मळमळायचं. पौडापर्यंत जायचं झालं तरी नाकाशी लिंबू धरून बसायच्या. म्हणून ह्या खेपेला घर बघायला आमचे हे गेले आणि दुसऱ्या दिवशी छाती फुगवून आले.

"आई, खोली पक्की हाय. दगडी भिंत, वर कौलं. दारात लिंबाचं झाड."

"मागल्या दारी गेलतास?"

"मागल्या दारी काय असतंय? आमी फलाटावर बसलो, च्या घेतला."

आत्याबाई उठून गोठ्यात गेल्या. त्यानंतर कुणी विषय काढला की "लई लांब हाय" एवढंच म्हणायच्या आणि म्हशीला चारा घालायला जायच्या. ती म्हैस त्या दिवसांत चांगली गुटगुटीत झाली. इकडं वन्सं वाळत चालल्या.

ह्यांनी स्वतःशी ठरवूनच टाकलं की आई आगगाडीला भिते. आणि त्याच सुमाराला, भात झोडून झाल्यावर, हे पुण्यात एका दुकानदाराकडं आंबेमोहोर पोचवायला गेले, तेव्हा त्यानं सांगितलं की अमक्या शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये छोट्या रेल्वेचं प्रदर्शन भरलंय, चालणाऱ्या गाड्या आहेत, बोगदे आहेत, सगळं आहे. ह्यांना वाटलं, देवच पावला. घरी येऊन म्हणाले, "आईला एकदा दाखवू. गाडी म्हंजी काय हे कळलं का भीती जाईल."

आम्ही चौघं गेलो. आत्याबाई, वन्सं, हे आणि मी. येष्टीत पुढची बाकडी धरली. आत्याबाईंनी पौडापर्यंत एक लिंबू संपवलं आणि तिथून पुण्यापर्यंत दुसरं. मध्ये एकदा गाडी थांबवायला लावली, ते सांगत नाही.

हॉलमध्ये शिरलो आणि मीच आधी "अगं बाई!" म्हणून ओरडले. टेबलाला टेबल लावून एवढा मोठा मुलूख मांडला होता की आमचं सगळं खळं त्यात मावलं असतं. प्लास्टरचे डोंगर, त्यावर हिरवा रंगवलेला लाकडाचा भुसा म्हणजे गवत. आरशाचा तुकडा म्हणजे तळं. डोंगरातून बोगदे, ओढ्यावर पूल, आणि काड्यापेटीएवढे डबे घेऊन वाटाण्याएवढ्या चाकांवर गाड्या पळतायत! फाटक आपोआप खाली यायचं, लाल दिवा हिरवा व्हायचा. पोरंटोरं तर टेबलांभोवती बांधलेल्या दोरीला लटकलीच होती, पण धोतरं-टोप्या घातलेले म्हातारेही पोरांच्या डोक्यांवरून वाकून बघत होते.

आत्याबाई आधी लांबूनच बघत उभ्या राहिल्या, पदर तोंडाशी धरून. एक गाडी बोगद्यात शिरली. त्यांनी मान वाकडी करून वाट पाहिली. गाडी पलीकडून निघाली, पुलावरून गेली, वळसा घालून परत पहिल्या स्टेशनात येऊन उभी राहिली.

"ही हितंच आली की माघारी!"

"व्हय आई," हे म्हणाले.

"मग एवढी पळत गेली कशाला?"

वन्सं हसल्या. किती दिवसांनी हसल्या म्हणून मीही जरा जास्तच हसले. ह्यांना वाटलं आता काम झालं. ते आईचा हात धरून टेबलाच्या दुसऱ्या टोकाला घेऊन गेले. तिथं एक लहान स्टेशन मांडलं होतं, फलाटाशेजारी चार-सहा खोल्यांची बसकी रांग.

"हे बघ, आपलं पाव्हणं ज्या स्टेशनात हायेत ना, ते अगदी अस्संच हाय. ह्या त्यांच्या खोल्या. ह्या खोलीत आपली बाय ऱ्हाणार."

आता हे बोलायची काही गरज होती का? पण बोलून गेले. आणि आत्याबाईंनी ते जसंच्या तसं धरलं. माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही, पण त्या क्षणापासून आमच्या आत्याबाई प्रदर्शन बघत नव्हत्या. घर बघत होत्या.

त्यांनी पदर खोचला, दोरीखालून वाकल्या आणि टेबलाच्या कडेला डोळे लावून बसल्या.

"आजी, दोरीच्या आत येऊ नका," पलीकडून आवाज आला. चष्मा लावलेले, बाह्या दुमडलेले एक गृहस्थ तारा-बटनं सांभाळत बसले होते. हे सगळं त्यांनीच बनवलं होतं म्हणे.

"आजी कुणाला म्हणतुयास रं? अजून माझी पोरगी उजवायची हाय."

ते गृहस्थ पुण्याचेच. ते म्हणाले, "क्षमा करा. मावशी, दोरीच्या आत येऊ नका."

मावशी आतच राहिल्या. त्यांनी खोल्यांची दारं बघितली, डोकं टेबलाला टेकवून खोल्यांच्या मागं बघितलं. उठल्या, दुसऱ्या बाजूला जाऊन पुन्हा वाकून बघितलं. मग म्हणाल्या, "पाणी कुटाय?"

"कसलं पाणी?"

"हितल्या बायांनी पाणी कुटनं भरायचं? आड न्हाई, हिर न्हाई, नळ न्हाई."

गृहस्थांना वाटलं की बाईंना बारीकसारीक बघायची हौस आहे. ते उत्साहानं उठले. "आहे ना! हे बघा." आणि त्यांनी रुळांच्या कडेला उभा केलेला एक वाकडा खांब दाखवला, त्याच्यामागं पायांवर उभी केलेली टाकी. "गाडी इथं थांबली की ह्या नळातून इंजिनात पाणी भरतात. वाफेचं इंजिन पाणी फार पितं, मावशी."

आत्याबाई त्या टाकीकडं बघत राहिल्या. मग खोल्यांकडं बघितलं. मग त्या गृहस्थांकडं.

"म्हंजी इंजिनाला पाणी हाय, आन् बाईला न्हाई?"

आजूबाजूचे लोक हसायला लागले. कुणीतरी म्हणालं, "द्या उत्तर!" गृहस्थही हसले, पण चष्मा काढून पुसायला लागले. "मावशी, हे खेळातलं आहे. प्रतिकृती आहे. खरं स्टेशन नव्हे."

"आरं, पण बघूनच केलंस ना? का सपनात केलंस?"

"बघून केलंय. वीस ठिकाणी हिंडून केलंय."

"मग तितं बायांची टाकी असती तर हितं बसवली असतीस."

गृहस्थांनी गमतीनं खिशातल्या पेनाचं टोपण काढलं, खोल्यांच्या मागं उभं केलं आणि म्हणाले, "घ्या. बसवली टाकी."

"तू बसवलीस लेका. रेल्वेनं न्हाई."

एवढं म्हणून त्या बाहेर पडल्या. वन्संचं हसू केव्हाच पुसलं गेलं होतं. जाता जाता मी मागं वळून पाहिलं तर ते गृहस्थ त्या खोल्यांपाशी ओणवे होऊन मागल्या बाजूनं बघत होते.

परतीच्या येष्टीत हे पुटपुटले, "दाखवाय नेलं आन् मोडून आणलं." पिरंगुटचा चढ लागला तेव्हा वन्सं खिडकीकडं तोंड करून म्हणाल्या, "मला चालंल आई. लांबनं आणीन पाणी."

"तुला चालंल. मला न्हाई चालायचं." मग लिंबू नाकाशी धरूनच, त्या आमच्याकडं न बघता बोलायला लागल्या. दुष्काळात सोलापूरकडच्या बाया आपल्याकडं खडी फोडायच्या कामावर आल्या होत्या, त्यांची पोरं धरणाचं पाणी बघून कशी वेड्यासारखी ओंजळीनं प्यायली, ते. "आपली गावंच्या गावं पाण्याखाली गेली. आन् मी माझी पोर कोरड्यात टाकू?"

तेव्हा आम्हाला कळलं. ती म्हैस एवढे दिवस फुकटच चारा खात होती. बाईला भीती आगगाडीची नव्हतीच मुळी.

मी त्या रात्री ह्यांना चांगलं सुनावलं. मागल्या दारी गेला असता तर? हे म्हणाले, पुन्हा जाऊन बघून येतो. पण सकाळी आत्याबाई चुलीपुढं बसल्या बसल्या म्हणाल्या, "तुझ्या डोळ्यानं न्हाई बघायचं मला. मला ने."

गेलो. आत्याबाई, हे आणि मी. पुण्याच्या स्टेशनात खरं इंजिन धाडधाड करत आलं तेव्हा मी दोन पावलं मागं सरकले, माहेर तळेगावचं असून. आत्याबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या चढल्या, खिडकीशी बसल्या, आणि उरुळी गेल्यावर म्हणाल्या, "ही बरी हाय. येष्टीसारखी घुसळत न्हाई." लिंबू पिशवीतच राहिलं.

ते स्टेशन म्हणजे फलाट, एका खोलीचं ऑफिस आणि लांबवर पिवळं माळरान. मुलगा हिरवी झेंडी काखेत धरून उभा होता. आम्ही येणार हा निरोप पोचला होता, तेव्हा त्यानं खोली सारवल्यासारखी स्वच्छ केली होती, स्टोव्हवर चहा ठेवला होता. आत्याबाई उंबऱ्यात थांबल्यासुद्धा नाहीत. खोलीच्या कडेनं सरळ मागं गेल्या. आम्ही त्यांच्या मागं, आमच्या मागं तो, झेंडी तशीच काखेत.

मागं एक पत्र्याचं पिंप होतं आणि भिंतीतून आलेला एक नळ.

"ह्याला पाणी कुटनं येतं?"

"इंजिनाच्या टाकीवरनं पायप टाकलाय, मामी. सकाळ-संध्याकाळ येतं. मधल्या वेळेला पिंपात भरून ठेवतो."

"आन् टाकी आटली तर?"

"आटली तर पाण्याची गाडी येती. इंजिन तहानेलं ठिवून रेल्वेला चालत न्हाई."

मला हसू आलं. आत्याबाईंना नाही आलं. त्यांनी नळाखाली हात धरून बघितला. मग म्हणाल्या, "तांब्या आण."

त्यानं आत पळत जाऊन तांब्या आणला, विसळला, पिंपातलं पाणी भरून दिलं. आत्याबाई उभ्यानंच प्यायल्या. तोंड जरा वाकडं झालं. तांब्या पुढं केला. "आणखी घाल."

दुसरा तांब्याही संपवला. तहान कुठली, गाडीत त्यांनी चांगलं पाणी घेतलं होतं. मला वाटलं पारख चाललीय. पण त्यांनी तिसऱ्यांदा तांब्या पुढं केला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि माझे डोळे भरून आले. आमच्यात लेक दिली की तिला पहिलं मूल होईपर्यंत आईनं तिच्या घरचं पाणी प्यायचं नसतं.

ह्यांना काही उमगलं नाही. "आई, पुरे की. पोटात दुखंल."

"पिऊ दे मला," आत्याबाई म्हणाल्या. "पुन्यांदा कवा मिळंल ते ह्या पावण्याच्या हातात हाय."

त्या मुलाला मात्र कळलं. कानापर्यंत लाल होऊन तो पिंपाकडं बघत उभा राहिला, आणि काखेतली झेंडी खाली पडली ती उचलायची त्याला आठवण राहिली नाही.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला मुळशीत उतरलो तर वन्सं रस्त्यावरच उभ्या, हातात कसलंतरी रिकामं टोपलं, जसं काही त्या वाटेनं सहज चालल्या होत्या. माझ्याकडं बघेनात, ह्यांच्याकडं बघेनात. आईपाशी येऊन हळूच विचारलं, "पाणी कसं हाय गं, आई?"

"मचूळ हाय," आत्याबाई म्हणाल्या आणि वन्संच्या हातातलं टोपलं काढून घेतलं. "सवय हुईल तुला."