वन्संची मागची बाग

माझ्या वन्संइतकं दुसऱ्याला दमवणारं माणूस मुलुंड ते घाटकोपर या टापूत तरी झालं नसेल. घाटकोपरच्या एका शाळेत आयुष्यभर मुलींना शिवण शिकवून त्या निवृत्त झाल्या आणि मुलुंडला आमच्याकडे, म्हणजे आपल्या धाकट्या भावाकडे, राहायला आल्या. लग्न केलेलं नव्हतं. येताना सामान म्हणजे एक ट्रंक, शिवणाचं मशीन आणि गोणपाटात गुंडाळलेले सोनटक्क्याचे कंद. आमची जागा तळमजल्यावर होती. स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं की इमारत आणि कंपाउंडची भिंत यांच्यामध्ये एक चिंचोळी पट्टी लागायची. तिथे फुटक्या लाद्या आणि वरून पडलेले कपड्यांचे चिमटे, याखेरीज काही नसे. वन्संनी पहिल्याच आठवड्यात ती पट्टी टेपने मोजली, आणि त्या दिवसापासून माझी संध्याकाळ माझी राहिली नाही.

मी तेव्हा फोर्टातल्या एका विमा कचेरीत होते. साडेसहाला घरी पोचायचं, पर्स खुंटीला लावायची, आणि चहाचं आधण ठेवायच्या आत मागून हाक यायची, "आलीस? जरा सुतळी धर गं." सुतळी धरली की काठी धर, काठी धरली की अळूतल्या गोगलगाई वेच. गोगलगाई मारायला त्यांची बंदी होती. त्या कागदावर उचलून भिंतीपलीकडे सोडायच्या. रात्रीतून त्या परत येत असाव्यात, कारण काही जणी मला चेहऱ्याने ओळखू यायला लागल्या होत्या. पडवळ वाकडं वाढू नये म्हणून त्याच्या टोकाला दोऱ्याने दगड बांधतात, तेही काम माझ्याकडे होतं. वन्सं मागे उभ्या राहून टेप लावायच्या आणि म्हणायच्या, "डावीकडे झुकतंय. शाळेतल्या मुलीसुद्धा यापेक्षा सरळ टीप मारायच्या." माझं उलथनं पाण्याला पाट काढून देण्यासाठी गेलं ते गेलंच. आम्ही पोळ्या चिमट्याने उलटायला शिकलो.

भाजी शेजाऱ्यांना फुकट मिळायची, पण सुखासुखी नाही. दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून त्या विचारायच्या, "पडवळात चणाडाळ घातली होती ना?" दुसऱ्या मजल्यावरच्या बाई एकदा खरं बोलून गेल्या, की आम्ही नुसता कांदा घालतो. त्यांचं पडवळ त्या दिवसापासून बंद झालं.

एका जूनमध्ये इमारतीच्या कमिटीने ठरवलं की जमिनीखाली पाण्याची टाकी बांधायची. पाण्याला दाब नव्हता, तिसऱ्या मजल्यापर्यंत थेंब चढत नसे. टाकीला जागा एकच होती, आमच्या मागची पट्टी. गणपती झाले, पाऊस ओसरला, की खणायला सुरुवात. आमचे हे कमिटीवर होते. त्यांनीही हात वर केला, घरी आले आणि मला म्हणाले, "ताईला तू सांग. तुझं ऐकते ती."

"माझं? त्या कोणाचं ऐकतात?"

"मला जमायचं नाही," हे म्हणाले आणि वर्तमानपत्र उघडून बसले.

मलाही जमलं नाही. त्या वर्षीचा पाऊस नुसता कोसळत होता. आठवडेच्या आठवडे ऊन नाही. भेंडीची मुळं कुजली, वन्संनी पुन्हा बी टोकलं. मिरची आडवी झाली, त्यांनी जुन्या रेनकोटाचे तुकडे शिवून तिच्यावर छप्पर केलं. कंबरेला पदर खोचून, डोक्यावर पोतं घेऊन त्या चिखलात उभ्या असायच्या. मी रोज ठरवून जायची, की आज सांगायचंच. तोंड उघडलं की त्या हातात काहीतरी द्यायच्या. काहीतरी उचलत, बांधत, चिखल उपसत मी मनात म्हणायची, कशासाठी हे, सप्टेंबरात इथे कुदळ पडणार आहे. पाठ मोडून यायची. त्याहून जास्त ते न बोललेलं दमवायचं. रात्री यांच्यावर चिडायची, आणि हे आपले गुपचूप कूस बदलायचे.

असे जवळजवळ तीन महिने गेले. गणपती उठले त्याच्या दुसऱ्या दिवशी वन्सं झेंडूच्या वाळक्या फुलांतून बी काढत बसल्या होत्या. पुढच्या वर्षासाठी. ते काही मला बघवेना.

"वन्सं, बी ठेवू नका," मी म्हटलं. "इथे टाकी होणार आहे. पुढच्याच आठवड्यात खणणार."

त्यांनी हातातलं फूल संपवलं. "ठाऊक आहे मला. सेक्रेटरींनी जूनमध्येच सांगितलं."

"मग बोलला नाहीत ते?"

"तुम्ही दोघं सांगाल म्हणून थांबले. मग बघितलं, तुला सांगवत नाहीये. तुला आणखी कशाला अवघड करायचं, म्हणून गप्प बसले."

"भांडायचं होतं तुम्ही कमिटीशी," मी म्हटलं.

"कशाला? तिसऱ्या मजल्यावरची ती सून. सातवा महिना आहे तिला, आणि पाण्याच्या बादल्या वर नेते रोज. मी काय पडवळासाठी भांडू तिच्याशी?"

"मग एवढं लावलं तरी कशाला या वर्षी?"

"जूनमध्ये लावतात, म्हणून लावलं," त्या म्हणाल्या.

मजूर यायच्या आदल्या दिवशी त्यांनी सगळं उपटलं. उरलेली भाजी वाटली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनाही या वेळी पडवळ गेलं, चणाडाळीची चौकशी न होता. सोनटक्क्याचे कंद जुन्या डब्यांतून प्रत्येक बिऱ्हाडी पोचले, सेक्रेटरींच्याही दारात एक. आमच्यासाठी ठेवला नाही. मी म्हटलं, एक तरी ठेवा, पुढच्या गॅलरीत राहील. तर म्हणाल्या, "नको गं. आता मला होत नाही."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी त्यांच्या तोंडून ऐकलं नव्हतं.

टाकी चांगली झाली. तिसऱ्या मजल्याला पाणी चढलं, बाळाच्या बारशाला सून स्वतः वन्संना बोलवायला आली. पुढच्या जूनमध्ये मी साडेसहाला घरी आले, तर मागचं दार लावलेलं होतं, आणि वन्सं चहा गाळत होत्या. दोन कप होते. एक माझ्यासमोर सरकवून म्हणाल्या, "बस जरा. दमून येतेस."

मी बसले. बाहेर सिमेंटवर पाऊस वाजत होता. चहा अगदी मला आवडतो तसा झाला होता, आणि कप हातात धरून मी ‘जरा सुतळी धर गं’ अशी हाक यायची वाट बघत बसले.