काकू, घुम्या आणि देवाचं नाव

पाणीपुरवठा कार्यालयाच्या तक्रार खिडकीवर काकूंची उभी हयात गेली. तिथं येणारा माणूस आधीच तापलेला असायचा. घरात पाहुणे आणि नळ कोरडा! त्याचं ऐकता ऐकता काकू देवाचं नाव पुटपुटत राहायच्या. त्याशिवाय डोकं थंड राहत नाही, म्हणायच्या. एकदा एका आजोबांनी विचारलंच, "मला शिव्या देताय की काय?"

"छे हो, तुमच्या नळासाठी वशिला लावतेय."

पुढं शेजारच्या टेबलावर नवा कारकून आला. कामापुरतंच बोलायचा, म्हणून सगळे त्याला घुम्या म्हणत. देवावर त्याचा विश्वास नव्हता. काही दिवस त्यानं पुटपुटणं सोसलं, मग थेट मॅडमकडे गेला. मॅडम कार्यालयाच्या प्रमुख. त्यांनी दोघांना समोर बसवलं.

"माझं लक्ष उडतं," घुम्या म्हणाला. "आणि खिडकीवर येणाऱ्याचा देव वेगळा असेल, नसेलही. हे सरकारी ऑफिस आहे. त्याला परकं वाटायला नको."

मॅडम म्हणाल्या, "काकू, मनात हवं तितकं म्हणा. जेवणाच्या सुट्टीत वरची खोली रिकामी असते, तिथं मोठ्यानं म्हणा. खिडकीवर मात्र नको."

काकूंना ते पटलं, पण लागलंही. घरी नवऱ्याला म्हणाल्या, "पोरगा खोटं नाही बोलला. पण आधी मला सांगायचं ना! मी काय त्याला खाल्लं असतं?"

"खाल्लं नसतंस, पण उपदेशाचे डोस पाजले असतेस."

काकू भांडी आवरायला उठल्या. दुसऱ्या दिवसापासून घुम्याशी संबंध फाइल सरकवण्यापुरता.

मग घुम्याचे वडील गेले. ऑफिसातली मंडळी भेटायला गेली. घर दोन खोल्यांचं, वडिलांचा चष्मा अजून उशाशीच. थोड्या वेळानं हेडक्लार्क उभे राहिले. "चला, सगळे डोळे मिटा. प्रार्थना करू."

घुम्याचा चेहरा कसनुसा झाला. नको म्हणायचंही त्राण त्याच्यात नव्हतं. काकूंनी ते पाहिलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या.

"अहो, चार चांगले शब्द..."

"ज्याला म्हणायचेत त्यानं आपल्या घरी म्हणावेत. हे त्याचं घर आहे."

हेडक्लार्क खाली बसले. काकूंनी आत जाऊन साचलेले कप विसळले, चहा टाकला. सगळे गेले तरी त्या बसून राहिल्या.

"वडील कसे होते रे?"

घुम्या बोलू लागला. हट्टी होते. रेडिओ दुरुस्त करायची भारी हौस. शेजाऱ्यांचे चांगले चालणारे रेडिओही त्यांनी कायमचे मुके केले होते. सांगता सांगता तो हसला आणि हसता हसता त्याचा बांध फुटला. काकूंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सवयीनं देवाचं नाव ओठांशी आलं. ते त्यांनी मनातच ठेवलं.

कामावर परतल्यावर तो त्यांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. "काकू, तेव्हा मॅडमकडे जाण्याआधी मी तुमच्याकडे यायला हवं होतं."

"यायलाच हवं होतंस. पण मीही तुला सुधारायला निघाले असते, ते वेगळंच."

आता जेवणाच्या सुट्टीत कुणी खिडकीवर आलं, की घुम्याच उठतो. काकू वरच्या खोलीत देवाचं नाव घेऊन आल्या, की दोघं डबे उघडतात आणि हटकून वाद घालतात.

"जगात एवढं दुःख आहे, मग तुमचा देव करतो काय?" परवा त्यानं विचारलं.

काकूंनी आपला डबा त्याच्याकडे सरकवला. त्या म्हणाल्या, "ते मलाही कळलेलं नाही रे. भाजी घे."