लेकीच्या डोहाळ्यांचं पिंप

उरवडे रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याने मला फसवलं. खाण्याच्या तेलाचं म्हणून त्याने मला जे लोखंडी पिंप विकलं, त्यात खाण्याचं तेल कधीच नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून लोक मलाच दोष देतात. बायकोही देते, पण ती तोंडावर देते, म्हणून तिचं मला काही वाटत नाही.

मी भरे गावातला. दुसऱ्याच्या ट्रकवर वाळू भरण्यापासून सुरुवात केली आणि पुढे स्वतःचे दोन ट्रक झाले. नांद्याकडच्या कितीतरी इमारतींना विटा आणि खडी माझ्या गाडीने गेली आहे. हे सगळं घासाघिशीवर झालं. माझी एक रीत आहे. भाव पडला नाही, तर वर काहीतरी काढून घ्यायचं. विटेचा भाव कमी होत नसेल तर भट्टीवाल्याने ती उतरवून, रचून द्यायची. टायर महाग पडला तर बसवणावळ फुकट. वर काही घेतल्याशिवाय मी उठत नाही. पिरंगुटच्या बाजारात भाजीवाल्या मला लांबून पाहिलं की आधीच चार काड्या कोथिंबीर बाजूला काढून ठेवतात.

लेक हिंजवडीला नोकरी करते. सातव्या महिन्यात ती आमच्याकडे राहायला आली, घरून काम करायची परवानगी घेऊन. तिला चिंचा नकोत, कैरी नको. ऑफिसातली मंडळी एकदा धरणाकाठच्या एका हॉटेलात गेली होती, तिथे तिने धुरावर शिजवलेलं चिकन खाल्लं होतं. तेच हवं.

"म्हणजे तंदुरी," मी म्हटलं.

"नाही हो आबा. त्याला जाळ लागत नाही. नुसता धूर. चार-पाच तास."

"चार-पाच तास? कोंबडी शिजवायची का तिचा दहावा घालायचा?"

ती हसली आणि मोबाईलवर चित्र दाखवलं. आडवं पिंप, त्याला दार, एका बाजूला जाळाची पेटी, दुसऱ्या बाजूला धुराडं. विस्तव पेटीत राहतो आणि धूर पिंपातून फिरून धुराड्याने बाहेर पडतो. मांस मध्ये जाळीवर.

आमच्यात पोटुशीचे डोहाळे मागे ठेवत नाहीत. राहिले तर पोराच्या तोंडातून लाळ गळते म्हणतात. माझा यावर विश्वास आहे की नाही, हे मला कुणी विचारू नये. लेक एकुलती एक आहे आणि लग्नानंतर फार वर्षांनी तिला दिवस गेले आहेत, एवढं पुरे.

गेट आणि ग्रिल बनवणाऱ्या एका फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो. त्याने सांगितलेला भाव ऐकून मी त्याला विचारलं की सोन्याचं करणार आहेस का. तो खाली येईना. वर काही देईना. "तेवढ्यात मी वेल्डिंगचं मशीनच घेईन," मी म्हणालो. "घ्या की, काका," तो म्हणाला, आणि त्याचा माणूस हसला. त्या हसण्यापायी मी त्याच संध्याकाळी मशीन घेऊन घरी आलो.

खरं सांगायचं तर मला वेल्डिंगची भीती वाटत होती. ती आजतागायत मी कुणाला सांगितलेली नाही. रॉड लोखंडाला टेकवला की तो चिकटून बसे आणि मशीन गुरगुरे. ओढून सोडवला की एकदम ठिणगी पडे. काळ्या काचेच्या आत मी डोळे मिटून घेई, म्हणजे जिथे बघायचं तिथेच बघत नसे. एकदा काच वर असतानाच रॉड टेकला. त्या दिवशी डोळ्यांत मूठभर वाळू टाकल्यासारखं झालं. बायकोने बटाट्याच्या चकत्या ठेवल्या आणि म्हणाली, "अहो, वाळू विकली तेवढी पुरे न्हाई झाली का? आता डोळ्यात बी भरायची?"

पण हात बसू लागला. जुन्या अँगलचे तुकडे जोडून मी स्टूल केलं. त्याच्यावर बसून दाखवलं. मग पिंप आणायला गेलो.

भंगारवाल्याच्या आवारात ती पिंपं आडवी पडली होती, अर्धी चिखलात. मला एक पसंत पडलं. जाड पत्र्याचं, कुठे चेपलेलं नाही. वरून गंजलेलं.

"आत काय होतं?"

"गोडंतेल, काका. फरसाणाच्या कारखान्यातलं हाय."

"नीट सांग. यात खायचं शिजणार आहे. माझी पोटुशी पोरगी खाणार आहे."

"आवो, आमच्या घरात पाणी भरत्यात असल्याच ब्यारलात. काय झालं आमाला? हाय ना तुमच्यापुढं उभा?"

बुचाशी नाक नेलं. साबणाचा वास आला. "धुऊन ठिवलंय," तो म्हणाला. भावावर बराच वेळ गेला. तो काही केल्या उतरेना. मी जायला निघालो, परत आलो, पुन्हा निघालो. शेवटी नेहमीचं केलं. "बरं, भाव तुझा. पण गंज घासून वर रंग मारून द्यायचा."

"देतो की. निळा मारतो. उद्या घिऊन जावा."

इतक्या पटकन मला आयुष्यात कुणी हो म्हणालेलं नाही. मी खूश होऊन घरी आलो. रंग फुकटात काढला, म्हणून बायकोला दोनदा सांगितलं. धुराच्या पिंपाला बाहेरून साधा रंग टिकत नाही, तापला की फुगतो, हे मला ठाऊक नव्हतं. त्याला ठाऊक असणार. त्याचा धंदाच लोखंडाचा.

रिकामं पिंप कापताना आतल्या वाफेला ठिणगी लागून फुटतं, हे मात्र मला माहीत होतं. एका शेडच्या छपराला पडलेलं भोक मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तिथून पिंपाचं झाकण गेलं होतं. म्हणून मी आमचं पिंप काठोकाठ पाण्याने भरून रात्रभर ठेवलं. सकाळी ते पाणी आंगणातल्या पपईच्या आळ्यात ओतलं. पाण्यावर तवंग होता. ऊन पडलं की त्यात रंग दिसत. तेलाचाच तवंग, मी म्हटलं.

कापायच्या दिवशी मायलेकींना घरात घालून दार लावून घेतलं. बायको खिडकीतून ओरडत होती, "अहो, माणूस लावा एखादा!" ग्राइंडर पत्र्याला लागला आणि माझ्या कानांत माझेच ठोके वाजायला लागले. रेघ वाकडी गेली. पिंप फुटलं नाही. दार कापून निघालं तेव्हा मी तिथेच खाली बसलो. वाटलं, संपलं. भ्यायचं होतं ते भिऊन झालं.

बिजागरी बसवायला सगळ्यात त्रास झाला. पिंपाचा पत्रा अँगलपेक्षा पातळ, त्यामुळे रॉड जरा थांबला की भोक पडे. भोक भरायला गेलो की शेजारी दुसरं. तिथे गुळाच्या ढेपेएवढा गोळा झाला, तो मी घासून काढला आणि पुन्हा भरला. वेल्डिंग करताना गोडसर वास यायचा, आणि घसा धरायचा. नवा रंग जळतोय, असं मी स्वतःला सांगितलं.

त्याच आठवड्यात बायकोने विचारलं, "पपई का वाळली वो?"

"ऊन."

"दसरा झाला नुकताच. कसलं ऊन?"

पानं खालून पिवळी पडत वर गेली होती आणि शेंडा मान टाकल्यासारखा वाकला होता. मी बघितलं आणि आळ्यात ओतलेलं पाणी आठवलं. पण पिंप तयार झालं होतं. जाळी बसली होती. लेक रोज येऊन धुराड्यावर हात ठेवून बघत होती. मी पपईकडे पाठ केली.

आधी एकदा रिकामंच पेटवायचं असतं. पेटवलं. धूर पिवळट निघाला, जड, आंगणातच लोळणारा. बायको खोकत गोठ्याकडे गेली. मी आणखी लाकडं घातली, वास जाईपर्यंत. गेला. निदान मला तरी येईनासा झाला.

रविवारी मांडणी केली. कोंबडीला हळद, मीठ, आलं-लसूण, घरचं तिखट. आंब्याच्या वाळक्या फांद्या. सकाळपासून मी पेटीजवळ बसून होतो. दुपारी लेकीसाठी पहिला तुकडा काढला. ती पिंपाशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसली होती. तिने घास घेतला आणि डोळे मिटले.

"आबा, हेच."

मी दुसरीकडे बघितलं. "मीठ बरोबर आहे का?" असं काहीतरी विचारलं.

तिने दुसरा तुकडा घेतला. मला म्हणाली, "तो हसणारा फॅब्रिकेशनवाला आहे ना, त्याला बोलवा जेवायला. समोर बसवून खाऊ." मी पोट धरून हसलो. मग ती वाकून पिंपाकडे बघायला लागली. दुसऱ्यांदा तापून निळ्या रंगाला फोड आले होते. एक फोड फुटून रंगाची साल लोंबत होती. तिने काडीने ती साल ओढली.

"आबा, हे काय आहे?"

तांबड्या कडेचा चौकोन, कोपऱ्यावर उभा केलेला. त्यात काळ्या रंगाचं एक वठलेलं झाड, आणि झाडाखाली पोट वर करून पडलेला मासा. मी हातोडीने शेजारचा रंग उडवला. तिथे दुसरा चौकोन होता. त्यातला वरचा भाग खरवडला गेला होता. खाली दातांची रांग आणि फुलीसारखी दोन हाडं तेवढी उरली होती.

लेकीने बशी जमिनीवर ठेवली. हळू ठेवली, वाजणार नाही अशी. मग दोन्ही हात पोटावर घेतले. बायको पपईकडे बघत होती.

पिरंगुटच्या दवाखान्यात सगळं ऐकून डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "पिंपात काय होतं?"

मी म्हणालो, "गोडंतेल." आणि माझंच तोंड मला कडू लागलं.

त्यांनी यंत्र लावून बाळाचे ठोके ऐकवले. घोडा पळाल्यासारखे. "ठोके चांगले आहेत," त्या म्हणाल्या. "उलटी, चक्कर, काही झालं तर लगेच यायचं."

"आणि काही झालं नाही तर?"

"तर वाट बघायची. हे बघा काका, नुसतं विष म्हणून काही तपासता येत नाही. कशाचं विष, ते लागतं. ते नाव आणा, मग मी पुढचं सांगू शकेन."

घरी येऊन मी सगळा रंग खरवडला. चित्रांच्या खाली नाव होतं. म्हणजे नाव जिथे असायला हवं तिथे माझी बिजागरी होती. तो गोळा, ती भोकं, ते घासणं, सगळं बरोबर त्या नावावर. इंग्रजीतली शेवटची दोन अक्षरं तेवढी शाबूत होती. लेकीने ती मोबाईलवर घालून शोधलं. वाचता वाचता तिने फोन पालथा ठेवला आणि म्हणाली, "खूप आहेत, आबा."

मी भंगारवाल्याकडे गेलो. जाताना वाटेत काय बोलायचं ते ठरवलं होतं, पण तो दिसला आणि मी त्याची गचांडी धरली.

"काय होतं त्यात?"

"काका, हात काढा. तेलच व्हतं."

"कवटी असते तेलावर? मासा मेलेला असतो?"

"मला काय म्हाईत? गाडी भरून ब्यारलं येत्यात. कुठल्या कंपनीतलं कुठलं, कोण बघतंय?"

"तू बघितलंस. रंग मारताना बघितलंस."

तेव्हा त्याने माझा हात मनगटाला धरून खाली केला आणि चार गिऱ्हाइकांदेखत म्हणाला, "रंग कुणी मागितला, काका? तुमीच ना? फुकटात पायजे व्हता ना तुमाला?"

लोक हसले. मी तिथून निघालो. कंपन्यांच्या गेटावरही जाऊन आलो. प्रत्येक ठिकाणी पहारेकऱ्याने सांगितलं, "हमारे यहाँ से ड्रम बाहर नहीं जाता." मग ती पिंपं काय आभाळातून पडतात?

आता लेकीला नववा लागला आहे. बाळ हललं की ती मला हाक मारते, "आबा, हललं." मी हातातलं टाकून जातो. नाही हाक आली, तर कारण काढून जातो, पाणी हवं का विचारतो. ती समजते. "हलतंय आबा, झोपलं होतं," म्हणते. बाजारात मी अलीकडे भाव करत नाही. भाजीवाली कोथिंबीर पुढे करते, मी विसरून येतो. बायको म्हणते, पोर हातात येऊ दे, मग काय भांडायचं ते भांडा. पण बाळाला बघितल्यावर डॉक्टरबाई पुन्हा तोच प्रश्न विचारणार आहेत, आणि मी पुन्हा काय सांगू, गोडंतेल?

पिंप मी मोडलेलं नाही. प्लास्टिकने झाकून गेटाशी ठेवलं आहे. शेजारी वाळलेली पपई तशीच उभी आहे, तीही मी तोडू दिलेली नाही.

भंगारवाल्या, तू हे वाचणार नाहीस, पण तुझ्याकडे येणाऱ्यांपैकी कुणी वाचलं तर तो तरी तुला सांगेल. मी रंग मागितला, कबूल. पण गंज घासताना तुझ्या डोळ्यांसमोर तो मासा होता, ते दात होते आणि खाली नाव होतं. माझी पोरगी पोटुशी आहे, हे मी तुला भाव करण्याआधी सांगितलं होतं. तरी तू ब्रश बुडवलास. पैसे परत नकोत मला. नाव सांग. त्याची जी किंमत म्हणशील ती देतो, एका शब्दाने कमी करणार नाही, वर काही मागणार नाही. नाव आठवत नसेल तर गाडी कुठल्या गेटातून आली ते सांग, तिथे मी उभा राहतो. आणि तेही सांगायचं नसेल, तर माझ्या आंगणात ये, त्या खुर्चीत बसलेल्या पोरीसमोर उभा राहा, आणि तिला तुझ्या तोंडाने सांग की ते गोडंतेल होतं.