तुझा पास हायच की

बायकांना अर्धं तिकीट व्हायच्या आधीची ही गोष्ट. वडूजहून साताऱ्याला मी रोज एसटीनं जायचे. तिथल्या एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम होतं. माझ्याकडं महिन्याचा पास होता. केवढं सुख, असं ज्याला त्याला वाटायचं. एकदा काढला की महिनाभर कितीदाही जा, कितीदाही ये. मला मात्र त्या पासाचा असा संताप यायचा की वाटायचं, पुसेगाव सोडलं की खिडकीतून द्यावा भिरकावून. कितीदाही जा म्हणे! जायचं कुठं, तर वडूज ते सातारा. माझं माहेर सांगलीला. तिकडं हा पास चालत नव्हता.

बरं, तो पास वाया जाताना घरच्यांना आणि गल्लीला बघवत नसे. आत्यांच्या, म्हणजे सासूबाईंच्या गुडघ्याचं औषध वडूजात मिळत होतं. तरी ते साताऱ्याहूनच आणायचं, कारण तुझा पास हायच की. शेजारणीचा ब्लाउज साताऱ्यात राजवाड्याजवळच्याच शिंप्याकडं टाकायचा, आणि बाही घट्ट झाली की परत मीच न्यायची. रविवारी जरा अंग टाकावं म्हटलं, तर कुणीतरी पाहुणा साताऱ्यात दवाखान्यात असायचाच, आणि त्याचा डबा माझ्या हातात यायचा. मला तिकीट काढावं लागलं असतं तर कुणी सांगायला धजलं नसतं. पास होता, म्हणून माझा रविवारही सगळ्यांचा झाला.

सकाळी मी निघायचे तेव्हा लेक झोपलेली असायची. परत यायचे तेव्हा ती जेवून, अभ्यास उरकून आजीच्या मांडीवर पेंगत असायची. एकदा तिला ताप आला आणि गुंगीत ती आत्यांना ‘आई’ म्हणाली. आत्यांनी ते कौतुकानं चार घरी सांगितलं. त्याच आठवड्यात ठरवलं, साताऱ्यात खोली घ्यायची आणि पोरीला तिथल्या शाळेत घालायची. लॅबपासून चालत जाता येईल अशी खोली मिळालीही. खाली एकटी म्हातारी मालकीण, वर खोली आणि पुढं छोटीशी गच्ची. पोरगी तिथं बसून पाढे म्हणतेय, असं मला दिसायलाही लागलं. मालकीण म्हणाली, शाळा सुरू होईपर्यंत थांबते, त्यापुढं नाही.

घरी विषय काढला. सासऱ्यांना मी मामा म्हणते. ते फौजेतून रिटायर झालेले. त्यांनी ना होकार दिला, ना नकार. म्हणाले, तो सुट्टीला आला की बघू. तो म्हणजे माझा नवरा, तोही फौजेत. आमच्याकडं भिंतीत खिळा मारायचा असला तरी तो सुट्टीला आला की बघू.

तोवर फोनवर सांगावं म्हणाल, तर त्याचाही एक नियम होता. फौजीला फोनवर दुखणं सांगायचं नाही. तो तिकडं बंदूक घेऊन उभा, त्याच्या डोक्याला घरचा भुंगा कशाला लावायचा? रेंज मिळेल तेवढ्यात एकच फोन व्हायचा, तोही मामांच्या मोबाईलवर. मामा स्पीकर चालू करून मोबाईल मधोमध ठेवायचे आणि आम्ही भोवती बसून सांगायचो, सगळं बरं हाय. दावणीची म्हैस मेली त्या आठवड्यातही सगळं बरंच होतं. एकदा ह्यांनी फोनवरून मला विचारलं, दमत न्हाईस न्हवं? मामा माझ्याकडं बघत होते. मी म्हटलं, तसं काही नाही, पासाच्या रांगेत तेवढे पाय भरून येतात. सगळे हसले. मीही हसले.

मे महिन्यात जत्रेला ते सुट्टीवर आले. मग काय, पाहुणे, बकरं, मित्र, देवाला जाणं. त्यांना घडीभर गाठायची सोय नव्हती. बोलायचं ते मी बसमध्ये मनाशी घोकत होते. पाहुणे पांगले त्याच्या दुसऱ्या दिवशी पास संपला होता. सकाळी निघताना त्यांनी माझं ओळखपत्र मागून घेतलं आणि म्हणाले, आज तिकीट काढून जा, माझं जरा काम हाय. मला वाटलं, मामांनी कानावर घातलं. पोरीच्या शाळेसाठीच लागत असणार. त्या दिवशी मी लॅबमध्ये सगळ्यांशी हसून बोलले. दुपारी मालकिणीला जाऊन सांगितलंही, बहुतेक जमतंय.

संध्याकाळी घरी आले तर देवापुढं दिवा लावलेला आणि दिव्याशेजारी नवा पास. आमच्या आत्या कुठलीही नवी वस्तू आधी देवापुढं ठेवतात. पासावर हळदकुंकवाची बोटं होती. उचलून बघितला. तीन महिन्यांचा होता.

हे भर उन्हात स्वतः डेपोच्या रांगेत उभे राहिले होते. मान करपून लाल झाली होती, आणि तोंडावर हसू मावत नव्हतं.

“आता तीन महिनं रांगेत उभं ऱ्हायचं न्हाई तू,” ते म्हणाले.

“आवं, मला पास नको हुता,” मी म्हटलं. “मला खोली पायजे हुती.”

“कसली खोली?”

मामांनी सांगितलंच नव्हतं. मग मी उभ्या उभ्या सगळं बोलून टाकलं, मालकीण, शाळा, पोरीचा तो ताप. त्यांनी मामांकडं बघितलं. मामा टीव्हीकडं बघत होते. मग हे हळूच म्हणाले, “फोनवर सांगायचंस की गं.”

कुणाच्या फोनवर, असं अगदी ओठांवर आलं होतं. पण त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी तशीच चहा टाकायला आत गेले. दुसऱ्या दिवशी ते डेपोत जाऊन विचारूनही आले. काढलेला पास परत होत नाही म्हणाले. मामा म्हणाले, मग तीन महिने तो वाया घालवायचा का? आणि ह्यांनी मला शब्द दिला, पुढच्या सुट्टीत नक्की बघू. मनापासून दिला, म्हणून त्यांच्याशी भांडताही येईना.

शाळा सुरू झाली. मालकिणीचा फोन आला तेव्हा मी बसमध्येच होते. दुसऱ्या कुणाला द्या म्हणून सांगितलं आणि कोरेगाव येईपर्यंत पदर तोंडाला लावून बसले.

पुढच्या रविवारी ह्यांचा फोन आला. मामांनी नेहमीसारखा मोबाईल मधोमध ठेवला. ह्या खेपेला ह्यांनी आधी मलाच बोलावलं.

“खरं सांग,” ते म्हणाले, “कसं चाललंय?”

मी तोंड उघडलं. तेवढ्यात लेक पुढं वाकली आणि मोबाईलजवळ तोंड नेऊन, अगदी आमच्याच सुरात म्हणाली, “सगळं बरं हाय, पप्पा.”

मामांनी तिच्या पाठीवर शाबासकी दिली.