अंबुबाईचं कुंकू

अंबुबाईला मापांची वही लागत नसे. मल्लेश्वरमच्या आठव्या क्रॉसपासून पंधराव्या क्रॉसपर्यंतच्या गल्ल्यांतल्या बायकांची मापं तिच्या डोक्यात असायची, आणि कुणाचं अंग सुटलं की तोंडानं काही न बोलता ती शिवणीत दोन बोटं कापड जास्त सोडायची. अशी बाई कुणाला आवडणार नाही? मला आवडत नव्हती.

ती आमच्या मागच्या आउटहाउसमध्ये राहायची. तिचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी मराठी फौजेचे तंबू शिवायला इकडे आले, असं ती सांगे. "तंबू संपले अक्का, आम्ही ब्लाउजवर आलो." तिची मराठी अशीच होती, मध्येच 'स्वल्प थांबा', मध्येच 'सरी', म्हणजे बरं. वाचायला मात्र तिला कन्नडच येत होतं. मी बेळगावात तर्कशास्त्र घेऊन बी.ए. झालेली, कन्नड अक्षरं मला बसच्या पाटीपुरती यायची. एकोणिसाव्या वर्षी तिचा नवरा विषमज्वरानं गेला. भावांनी तिला शिलाई मशीन दिलं आणि वेगळं राहायला सांगितलं. ते मशीन घेऊन ती आमच्याकडे आली, तेव्हा माझा रघू पोटात होता.

रघू तिच्या मशीनखाली वाढला असं म्हटलं तरी चालेल. चार वर्षांचा असल्यापासून चिंध्या गोळा करत तो तिथं बसायचा, आणि ती पायानं मशीन चालवता चालवता त्याला भुतांच्या गोष्टी सांगायची. मी त्याला इसापाच्या गोष्टी वाचून दाखवत असे. त्या ऐकताना तो जांभया द्यायचा. ताप आला की माझ्या मांडीवर डोकं ठेवून विचारायचा, "अंबक्का कुठाय?"

त्याचा राग मी कधी बोलून दाखवला नाही. मी शिकलेली बाई होते.

चौसष्ट साली रघू कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. त्याच्या वर्गातल्या गुंडूच्या मामानं परदेशातून एक लहान सिनेमाचा कॅमेरा आणि तीन रिळं आणली होती, आणि दोघांनी मिळून भुताचा सिनेमा काढायचं ठरवलं. आवाज नसलेला, जेमतेम दहा मिनिटांचा.

"आई, तू भूत होशील का?" एका रात्री जेवताना रघूनं विचारलं.

गोष्ट त्यानं स्वतः रचली होती. शुक्रवारी दिवेलागणीला एक नटलेली सवाष्ण दारात येते आणि कुंकू मागते. आपल्याकडे अशा वेळी नाही म्हणत नाहीत. घरधनीण कुंकू लावते, ती निघून जाते. पुढच्या शुक्रवारी पुन्हा येते. असं तीनदा होतं. तिसऱ्यांदा घरधनीण कुंकू लावते, पाहुणी मान खाली घालते, आणि कुंकू कपाळावरून सगळं गळून पडतं. मेलेल्या कपाळावर कुंकू टिकत नाही.

ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. पण मी म्हणाले, "तुझे वडील समोर धडधाकट बसलेत, आणि मी मेलेल्या बाईचं सोंग घेऊ?"

"माझी हरकत नाही," प्रतापराव म्हणाले. "दर शुक्रवारीच यायचंय ना? बाकीचे सहा दिवस शांतता."

रघू हसला. मीही हसले आणि नाहीच म्हणाले. मला वाटलं होतं, तो पुन्हा विचारील. आईला दोनदा विचारायचं असतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी वाळवण घालायला मागे गेले, तर मशीनचा आवाज थांबलेला आणि आतून अंबुबाईचा एकच शब्द ऐकू आला, "सरी." तिनं एकदासुद्धा आढेवेढे घेतले नाहीत.

मला घरधनीण केलं. पडद्यावर माझा हात तेवढा दिसणार होता.

हे सगळं पोरखेळ म्हणून सोडून देता आलं असतं. पण रघूला पुण्याला जायचं होतं. तिथं सिनेमाचं शिक्षण देणारी संस्था निघाली होती, आणि हा सिनेमा बरोबर नेऊन तो दाखवणार होता. प्रतापराव घड्याळांच्या कारखान्यात फोरमन. त्यांनी अट घातली. "शाळेचं सभागृह भरवून दाखव. दोनशे खुर्च्या आहेत. लोक शेवटपर्यंत बसले तर जा पुण्याला. नाहीतर जूनमध्ये माझ्या कारखान्यात अर्ज टाकायचा."

मला तो कारखान्यात जायला हवा होता. रोज संध्याकाळी घरी यायला हवा होता. एकुलता एक मुलगा, अजून स्वतःची छत्रीही सांभाळता न येणारा, परक्या गावात भुतांच्या मागे फिरणार! अंबुबाईला हे बोलले तर ती म्हणाली, "जाऊ दे की अक्का. इथं राहून तो घड्याळाचे काटेच बसवील."

तुझं काय जातंय, असं माझ्या ओठांवर आलं होतं.

चित्रण मागच्या अंगणात झालं. नटायला अंबुबाईकडे काहीच नव्हतं, म्हणून रघूनं माझी हिरवी इरकली मागून नेली, माझ्याच बांगड्या नेल्या. बाजारातून मोगऱ्याचा गजरा आणला. ती खोलीतून बाहेर आली तेव्हा शेजारची भाग्यलक्ष्मी कुंपणापाशी उभी होती. "अय्यो, कोण हो या? किती शोभतंय!" म्हणाली, आणि ओळख पटताच जीभ चावून आत पळाली. ती साडी मी सात वर्षं नेसत होते. मला कुणी असं म्हणालं नव्हतं.

गुंडूनं कुंकवाऐवजी कोळशाची पूड वापरायचं सुचवलं. "काळ्यापांढऱ्या रिळावर दोन्ही सारखंच दिसतं."

"नको," अंबुबाई म्हणाली. "लावायचं तर कुंकूच लाव."

पहिल्या दोन भेटी नीट झाल्या. तिसरी राहिली, आणि शेवटच्या रिळात अर्ध्या मिनिटाची फीत उरली होती. पुन्हा करायला संधी नव्हती. रघूनं मला तीनतीनदा बजावलं, "आई, या वेळी कुंकू चिकटवायचं मेण नाही. कोरड्या कपाळावर नुसतं कुंकू. मान खाली गेली की पडलं पाहिजे." करंड्यातली मेणाची डबी त्यानं स्वतः काढून ठेवली.

मी हात धुवायच्या निमित्तानं स्वयंपाकघरात गेले. देवापाशी दुसरी डबी होती. त्यातलं मेण बोटाला लावलं आणि बाहेर आले.

खटखट करत कॅमेरा सुरू झाला. अंबुबाई पाटावर बसली होती, चेहरा वर. मी आधी कपाळावर बोट टेकवलं, मग कुंकू लावलं. चांगलं रुपयाएवढं, ठसठशीत. "आता मान खाली, अंबक्का, हळू," रघू म्हणाला. तिनं मान खाली घातली. कुंकू पडलं नाही. तिनं मान वर केली. कुंकू जागच्या जागी होतं. कॅमेरा खट् करून थांबला.

"रीळ संपलं," गुंडू म्हणाला.

रघू माझ्याकडे बघत होता. "आई, मेण लावलंस?"

"सवयीनं रे," मी म्हणाले. "वीस वर्षांची सवय. हात आपोआप गेला."

तो पायरीवर मटकन बसला. गुंडूनं दगडाला लाथ मारली आणि अंगठा धरून एका पायावर नाचला. अंबुबाई आत गेली, आणि बराच वेळ तिनं ते कुंकू पुसलं नाही. मी खिडकीतून बघत होते. खोटं कशाला बोलू, मनातून मी निश्चिंत झाले होते. भूतच राहिलं नाही म्हटल्यावर सिनेमा कोण शेवटपर्यंत बघणार?

रीळ मुंबईला धुवायला गेलं, दीड महिन्यानं आलं. रघूनं आणि गुंडूनं तुकडे जोडले. नवी फीत मिळणार नव्हती, म्हणून आहे तोच शेवट ठेवला. आम्हाला दाखवलं नाही.

जाहिरातीचा मजकूर लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी चार खर्डे केले. 'भयचकित करणारी कलाकृती' असं लिहिलं. खाली इंग्रजी तर्जुमाही दिला. गुंडूनं जटका म्हणजे घोडागाडी केली, तमटा डफासारखा बडवत तीन क्रॉस फिरून ती वाटली, आणि दुसऱ्या दिवशी भाजीवाली त्याच कागदात मला मिरच्या बांधून देत होती.

अंबुबाईची रीत निराळी. गौरीचा सण तोंडावर होता, ब्लाउज शिवायला रांग लागली होती. माप घेताना ती गोष्ट सांगायला सुरुवात करी. दंडघेर होईपर्यंत पहिला शुक्रवार, पाठ होईपर्यंत दुसरा. गळ्याचं माप शेवटी. टेप गळ्याभोवती आली की ती म्हणे, "आणि तिसऱ्या शुक्रवारी..." आणि टेप जरा आवळून थांबे.

"मुंदे? पुढे काय झालं?"

"पुढचं हॉलमध्ये. रविवारी सहा वाजता." आणि शिवलेल्या प्रत्येक ब्लाउजच्या पुडक्यात ती एक कागद घालायची. कन्नडमध्ये, तिच्याच अक्षरात. काय लिहिलं होतं ते मला वाचता येत नव्हतं.

रविवारी साडेपाचलाच खुर्च्या भरल्या. बायका भिंतीला टेकून उभ्या होत्या, मुलं पुढे जमिनीवर. मी बसलेल्यांत मनातल्या मनात नवे ब्लाउज बघत होते. सगळे तिचे होते.

सिनेमा मुका, म्हणून रघूनं एक युक्ती काढली होती. पडदा म्हणजे पांढरी चादर. तिच्यामागे अंबुबाईचं मशीन आणून ठेवलं होतं. भूत चालत येऊ लागलं की अंधारात मशीन घरघरायचं, ते जवळ येईल तसतसं जोरात. पहिल्याच वेळी पुढची पोरं आयांकडे पळाली. कुणी तरी "रामा रामा" म्हणालं. मला माहीत असूनही मी पाय खुर्चीवर ओढून घेतले.

मग तिसरा शुक्रवार आला. मशीन सुसाट. माझा हात पडद्यावर आला, माझ्या बांगड्या, माझं बोट. अंबुबाईनं मान खाली घातली, वर केली. कुंकू होतं तिथंच होतं.

चित्रणाच्या वेळी मी फक्त कुंकवाकडे बघत होते. तिचा चेहरा मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. तिला वाटलं होतं कुंकू पडेल. ते पडलं नाही हे तिला कळत होतं, आणि तिचे डोळे हळूहळू भरत होते. चादरीमागून तीही तेच बघत असणार, उलट्या बाजूनं. कारण मशीन एकदम थांबलं.

ते थांबणं कुणी ठरवलेलं नव्हतं. दोनशे माणसांत फक्त प्रोजेक्टरची घरघर. मग चित्र संपलं आणि पडदा नुसता पांढरा झाला, तरी कुणी उठेना. माझ्या मागच्या बाईनं पदरात नाक शिंकरलं. दिवे लागल्यावर बायका बाहेर पडायच्या दाराकडे न जाता चादरीमागे गेल्या, अंबुबाईकडे. भाग्यलक्ष्मी सगळ्यांत पुढे होती.

प्रतापराव टोपी हातात फिरवत म्हणाले, "बसले की गं सगळे." आणि मग, "त्याच्या थंडीच्या कपड्यांचं बघ."

रघू जूनमध्ये गेला. स्टेशनवर अंबुबाई खांबाआड उभी राहिली होती, मुलगा निघताना आपलं तोंड समोर नको म्हणून. त्यानं गाडी सुटता सुटता तिला हाताला धरून पुढे आणलं आणि आधी तिच्या पाया पडला. मग माझ्या.

परवा त्याची पत्रं आली. मला मराठीत, तिला कन्नडमध्ये, एकाच पाकिटात. तिचं पत्र घेऊन मी मागे गेले आणि वाचून दाखवा म्हणाले. तिनं मशीनवर बसूनच मोठ्यानं वाचलं, कन्नडचं मराठी करत. जेवण तिखट आहे, खोलीत तिघं आहेत, मास्तरांनी सिनेमा दोनदा बघितला. मग ती जरा अडखळली आणि पुढे वाचलं, "आईनं मेण सवयीनं लावलं की मुद्दाम, हे मला अजून कळलेलं नाही. पण तू तिला विचारू नकोस."

तिनं पत्राची घडी घातली. "नाही विचारत," म्हणाली.

"मुद्दाम लावलं होतं," मी म्हणाले. "तो जाऊ नये म्हणून. आणि तुमचं काम बिघडावं म्हणून."

"गोत्तु. ठाऊक आहे, अक्का. बोट गार लागलं तेव्हाच कळलं."

"मग बोलला का नाहीत? कॅमेरा थांबवता आला असता. अर्धं मिनिट वाचलं असतं."

अंबुबाईनं दोरा दातानं तोडला. "आला असता. पोराचं रीळ वाया जातंय, हे मलाही दिसत होतं. पण वीस वर्षांनी कुणी टिकेल असं कुंकू लावत होतं. पुसा म्हणून कशी सांगू?"

मी तिच्या हातातलं पत्र घेऊन पाहिलं. दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं, समासातसुद्धा आडवं लिहिलं होतं. माझं एकाच बाजूला होतं, आणि खाली जागा उरली होती.

"मला कन्नड वाचायला शिकवाल?" मी विचारलं.

"सरी," ती म्हणाली. तितक्याच चटकन.