मंदाचे कुरळे केस

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकींना नाही. देवापुढे हात जोडतानाही एवढं एक ओलांडून पुढे जायची. तुम्ही मला ओळखत नाही, मी तुम्हाला ओळखत नाही. बहुतेक म्हणूनच तोंड उघडतंय.

कुठून धरू? केसांपासूनच धरते.

मिरजगावजवळ आमची वस्ती. घरात सासू, तिला आम्ही आत्याबाई म्हणायचो. तिचे दोन लेक आणि आम्ही दोघी जावा. मी थोरली. धाकटी तारा, म्हणजे माझा दीर सदाशिव याची बायको. ताराचे केस कुरळे होते. काकडीच्या वेलाला तणावे फुटतात ना, बोटाला आपले आपण वेढा घालणारे — तसे. डावीकडे भांग पाडायची आणि उजव्या कानापुढे एक बट कायम सुटलेली. आत्याबाईंना ती बट खपत नसे. मला मात्र ती फार आवडायची. ताराच आवडायची, खरं तर. त्या घरात माझ्याशी हसून बोलणारं तिच्याशिवाय होतं कोण?

एका भर दुपारी तारा विहिरीत गेली. पाय घसरला म्हणतात. मी काठावरून वाकून पाहिलं तेव्हा तोंड दिसत नव्हतं. नुसते केस, पाण्यावर पसरलेले, हळूहळू फिरत होते. त्या केसांवरूनच मी ओळखलं आणि हाक मारली. ओ येणार नाही हे ठाऊक असून मारली.

वर्ष व्हायच्या आत सदाशिवनं दुसरी केली. मंदा. नगरच्या एका शिंप्याची पोर, अंगानं बारीक, बोलायला घाबरी. आणि केस — सरळसोट, गवताच्या काडीसारखे. आत्याबाईंनी मांडवातच पदर सारून ते बघून घेतले होते.

मग दुष्काळ पडला. बहात्तर सालचा. आम्ही दोघी खडी फोडायच्या कामावर जायचो, डोक्यावर पदर घट्ट आवळून. एक दिवस सुट्टी होती. आत्याबाई टँकरसाठी हंडे घेऊन रस्त्याला बसलेल्या. मंदा माझ्याजवळ आली आणि पदर काढला. डोक्याजवळचे केस आत आत वळलेले, खालचे मात्र खराट्यासारखे सरळ, मेलेले. जशी दोन बायकांची डोकी एकीला लावलीत.

"आक्का, माजे केस जन्माचेच असले हायती," ती म्हणाली. "कुरळ्या केसाची पोर कुनी करीत न्हाई म्हनून आई फळीवर डोकं ठेवायला लावायची. वर वल्लं फडकं टाकायची आन् कोळशाची इस्त्री फिरवायची. आता हितं इस्त्री न्हाई. मी काय करू?"

कानामागं भाजल्याचा डाग होता. मी त्यावर बोट ठेवलं. किती दिवसांनी कुणी तरी माझ्याशी एवढं मोकळं बोललं होतं.

काय करायचं ते मला येत होतं. तारानंच शिकवलं होतं. जवस घोटभर पाण्यात उकळायचा, फडक्यातून पिळायचा. बुळबुळीत पाणी निघतं, ते ओल्या केसांना चोळायचं आणि एक एक बट बोटाला गुंडाळून सोडून द्यायची. सावलीत वाळवायचे. वाळेपर्यंत फणी लावायची नाही. खालचे मेलेले केस मी थोडे थोडे कापत गेले. जवस आत्याबाईंनी पेरणीसाठी राखलेल्या मडक्यातला. मी मूठ मूठ चोरत होते. पाणी तर प्यायच्यातलंच काढून घेत होते.

इथपर्यंत सांगायला मला काही वाटत नाही. एका पोरीचे केस तिचे तिला परत मिळत होते, त्यात पाप कसलं?

पण — भांग मी डावीकडे पाडला. मंदा उजवीकडे पाडायची, मी डावीकडे पाडला. उजव्या कानापुढे एक बट सोडली. हात आपसूक वळले, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. हात आपसूक वळत नसतात. मला ताराला बघायचं होतं. पाठमोरी बसवायची, केस मोकळे सोडायचे आणि बघत राहायचं. एकदा त्या भरात मी हाक मारली, "तारे."

मंदा वळली, हसली. "जी?" म्हणाली. माझी गंमत तिला कळली असं तिला वाटलं.

मग मी रोजच मारायला लागले. दोघीच असलो की. ती ओ द्यायची. मला बरं वाटायचं म्हणून द्यायची, बिचारी.

त्या दिवशी अमावास्या होती हे मला नंतर कळलं. ऊन असं की अंगणात सावली औषधाला नव्हती. विहीर तळापर्यंत आटलेली. मंदा चौकटीत पाठमोरी उभी, केस वाळत घातलेले. आत्याबाई हंडा घेऊन आल्या. त्या दिवशी त्या इतक्या लवकर का आल्या?

हंडा पडला. सगळं पाणी मातीनं पिऊन टाकलं. आत्याबाई किंचाळल्या, "तारे!"

आणि मंदा वळली. नेहमीसारखी, हसून. "जी?"

आत्याबाई खालीच बसल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हिचं केस सरळ हुतं. लगनात मी बघितल्यात. हे कुनी केलं?"

मला जवसाचं मडकं दिसलं. पाणी दिसलं. ती हाक मी शिकवली हे सांगावं लागेल, ते दिसलं. एवढ्याशा गोष्टींना मी भ्याले.

"कुनी न्हाई, आत्याबाई," मी म्हणाले. "आपोआप झालं."

मंदानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही, मी पुढे आणखी काही बोलेन म्हणून वाट बघत. मी सांडलेल्या पाण्यावर माती सारत बसले.

तिनं सगळं सांगितलं, इस्त्रीचं, फळीचं. सदाशिव नगरला तिच्या आईला विचारायला गेला. लग्नात फसवलं असं होईल म्हणून की काय, आई म्हणाली, माझ्या पोरीचे केस पहिल्यापासून सरळच. झालं. दोघींच्या दोन खोट्यांमध्ये ती पोर सापडली.

देवऋषी आणला. तो म्हणाला, गेलेली केसांत बसलीय, केस उतरवा. मेंढरं कातरायची कातर मागवली. सवाशिणीचे केस कापायला कुणी धरेना, तेव्हा आत्याबाई मला म्हणाल्या, तू धर. मी धरलं. दोन्ही हातांनी, त्याच कानांवर. डोकं गरम लागत होतं. ती हलली नाही. एकदाच हळू म्हणाली, "आक्का, सांगा ना."

केस विहिरीजवळ पुरले. नीट पुरले नसतील. पुढे कित्येक सकाळी अंगणात केसांची वेटोळी वाऱ्यावर फिरत असायची. मी झाडून काढायची. पुन्हा असायची.

नवे केस आले ते मुळापासून कुरळे आले. यायचेच होते, हे मला एकटीला माहीत होतं. पण भांग तिनं आपण होऊन डावीकडे पाडला. एकदा म्हणाली, "आक्का, माजी हिरवी काकणं तुमच्या पेटीत हायती ना?" ती काकणं तारानं मला ठेवायला दिली होती. केस वाळवताना मीच मंदाला कधी सांगितलं असेल का? सांगितलं असेल. मला आठवत नाही. पन्नास वर्षं आठवून बघतेय.

सदाशिवनं आपलं अंथरूण गोठ्यात नेलं ते कायमचं. तिला लेकरू झालं नाही. सुरुवातीला एकदा ती चुलीपाशी माझ्याजवळ येऊन बसली. "आक्का, मी मंदाच हाय ना? तुमी सांगा." घरात कुणी नव्हतं. मला सांगता आलं असतं. मी म्हणाले, "गप काम कर."

त्यानंतर तिनं विचारलं नाही. दर अमावास्येला ती घुमायला लागली. आधी वस्तीवरच्या बाया आल्या, मग मिरजगावच्या, मग पार जामखेडकडून. केस मोकळे सोडून बसायची आणि ताराच्या नावानं कौल द्यायची. आत्याबाई तिच्या पाया पडायच्या. त्या घरात तिला तेवढाच मान होता.

आत्याबाई गेल्यावर एका अमावास्येला मीही रांगेत बसले. का बसले? खरंच तारा असेल तर माझं ओझं उतरेल, असं वाटलं असेल. माझी पाळी आली. मी विचारलं, "तू कोन?"

तिचं घुमणं थांबलं. तिनं डोळे उघडले. आणि आवाज — तो नगरहून आलेल्या त्या घाबऱ्या पोरीचा होता, जसाच्या तसा.

"तुमाला ठावं हाय, आक्का."

मग डोळे मिटले आणि पुन्हा घुमायला लागली. मी उठले, मागच्या बाईला जागा करून दिली.

म्हणजे ती आत होती. इतकी वर्षं मंदा आत होती, आणि बाहेर येऊन करायचं काय, हे तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ती गेली. विहिरीपाशी लोकांनी शेंदूर लावून एक दगड बसवलाय, बाया तिथं दिवा लावतात, ताराच्या नावानं. मंदा नावाची कुणी इथं होती हे आता वस्तीवर फारसं कुणाला माहीत नाही. बाया नाव घेतात तेव्हा मी तिथंच उभी असते. मी काही बोलत नाही.